कॉन्टेसाचे हरवलेले घोडे

कॉन्टेसाला आपल्याकडचे हौशी लोक 'भारतीय मसल कार' म्हणतात. त्यात प्रेम जास्त आणि हिशेब कमी. अमेरिकेत हा प्रकार जिच्यापासून रुजला असं मानतात, त्या १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओत ६.४ लिटरचं, सव्वातीनशे हॉर्सपॉवरचं व्ही-एट इंजिन होतं. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ मध्ये उत्तरपाड्याच्या कारखान्यातून कॉन्टेसा बाहेर काढली, तेव्हा तिच्या लांबलचक बॉनेटखाली अँबेसेडरच्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं, जेमतेम ५० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. अंगकाठी ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलची, सत्तरच्या दशकातली. पैलवानाचा अंगरखा शाळकरी पोरानं घालावा तसा तो संसार. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं, ८८ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठं अंगरखा अंगाला बसला. २००२ मध्ये गाडी बनायची थांबली. तरी रस्त्यावरून गेली की अजून माना वळतात.

पुढं बोलणारे दोघे मी कल्पिलेले आहेत. रस्ते, कायदे आणि भांडणाचे मुद्दे मात्र खरे. मालकीण चाळिशीची, वाशिमला राहणारी, यंत्रशास्त्राची पदविका घेऊन जिल्ह्यातल्याच मालेगावात कृषी सेवा केंद्र चालवणारी. रोजचं जाणं-येणं या गाडीनंच, शिवाय रिसोड, मंगरूळपीर, मानोऱ्याकडच्या गावांत फेऱ्या. गाडी १९९३ ची कॉन्टेसा क्लासिक, १.८ पेट्रोल. नंबर एमएच-३०, म्हणजे अकोल्याचा. वाशिम जिल्हा झाला तोच मुळी १ जुलै १९९८ ला, एमएच-३७ त्यानंतरचं. मिस्त्री साठीचा, तिला फ्रॉकात असल्यापासून ओळखणारा. वेळ दिवाळीनंतरची, सोयाबीन घरात येऊन पडल्यानंतरची.

मालकीण : काका, यादी करून आणलीय. मोठा कार्ब्युरेटर. एक्झॉस्टला हेडर, मागं मोठ्या व्यासाचा पाइप. कॅमशाफ्ट बदलायचा. हेड थोडं घासून कॉम्प्रेशन वाढवायचं. आणि डब्यातला एअर फिल्टर काढून उघडा, शंकूसारखा लावायचा.

मिस्त्री : अन् थांबवाचं कायनं? तुह्या यादीत ब्रेक कुठी हाय?

मालकीण : ब्रेक लागतात की.

मिस्त्री : सकायी लागतात वं. पातूरच्या घाटात गाडी भरून उतर, मंग सांग मले. ऑइल कवा बदललं होतं ब्रेकचं?

मालकीण : कमी झालं की टाकतोच.

मिस्त्री : टाकनं येगयं, बदलनं येगयं. झाकन उघड. चहासारखं झालं हाय.

इथे मिस्त्रीच्या बाजूनं दोन आकडे घालायला हवेत, कारण तो ते सांगणार नाही. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-३ प्रतीचं नवं कोरं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; पुरेसा ओलावा शोषला की हीच हद्द १४० वर येऊ शकते. उकळलं की पायाखाली वाफ येते, आणि वाफ दाबली जाते. पॅडल जमिनीला टेकतं, गाडी चालत राहते. डॉट-४ ची हद्द कोरड्यात २३०, ओल्यात १५५. एवढ्या सुधारणेला एक बाटली आणि एका दुपारचं काम लागतं.

मालकीण : मान्य. ब्रेक आधी. पण काका, मला गाडी नुसती थांबवायची नाही, पळवायचीय. मालेगावला समृद्धी महामार्गावर चढलं की नागपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास. मोटारीला तिथं १२० ची मर्यादा. माझी गाडी ९० ला कुरकुरते, १०० ला ओरडते.

मिस्त्री : मंग ९० नं जाय. कोनाचं लगीन चुकून राह्यलं?

मालकीण : डाव्या लेनमध्ये ट्रकच्या मागं दोनशे किलोमीटर?

मिस्त्री : वर्षातून किती खेपा जातं तू नागपूरले?

मालकीण : महिन्याला एखादी.

मिस्त्री : अन् मालेगावले?

ती गप्प बसते. मी तिच्या जागी असतो तर मीही बसलो असतो. रोज वापरायच्या गाडीची आखणी करताना माणूस महिन्यातल्या एका दिवसासाठी यादी करतो आणि उरलेले एकोणतीस दिवस ती यादी ओढत फिरतो.

पण तिची तक्रार खरी आहे का, हे तपासायला मी ढोबळ हिशेब केला. बाराशे किलोच्या आसपासची, चौकोनी अंगाची गाडी सपाट रस्त्यावर १२० च्या वेगानं नुसती चालत ठेवायला चाकांपाशी पस्तीसेक हॉर्सपॉवर पुरते. कारखान्यातून निघाली तेव्हा या इंजिनाकडे ८८ होती. गिअरबॉक्स आणि मागच्या गिअरमधली गळती वजा केली तरी निम्मीअधिक ताकद शिल्लक उरायला हवी. म्हणजे १०० ला ओरडणारी गाडी कमी ताकदीची नाही. तिची ताकद वाटेत कुठंतरी सांडतेय.

मिस्त्री हे आकडे न मांडता तिथंच पोचला.

मिस्त्री : तू मले सांग, ह्या इंजिनात आज किती घोडे जिते हायत? कागदावर अठ्ठ्याऐंशी. मी म्हनतो साठ निघाले तरी बम झालं. बाकीचे कुठी गेले? ते पयले हुडकू. मंग नवे इकत घे.

मालकीण : ते हुडकायला इंजिन उघडावंच लागेल ना? उघडलंच तर त्याच मजुरीत कॅम बदलू, हेड घासू.

मिस्त्री : थांब. उघडाचं नाही. कॉम्प्रेशन गेज लावाचं. चारही प्लग काढाचे, चारही घरांचा दाब पाहाचा.

मालकीण : आणि एखाद्यात कमी निघाला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघायचं. दाब वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत.

मिस्त्री : शिकली हायेस वं माय.

मालकीण : पदविकेत होतं. करून कधी पाहिलं नाही.

चार सिलिंडरांच्या दाबात दहा टक्क्यांच्या आतला फरक असेल तर इंजिनाचं पोट ठीक आहे असं धरतात. त्याहून जास्त असेल तर वर कितीही मोठा कार्ब्युरेटर बसवा, पैसा वाफेतच जाणार. ही तपासणी कुठल्याही सुधारणेच्या आधीची, आणि नेमकी हीच टाळली जाते. नवी वस्तू डब्यातून काढण्यात सुख आहे. गेजचा काटा बघण्यात धाकधूक आहे.

मिस्त्री : आता आयक, घोडे कुठी पयतात ते. डेल्को, म्हंजे डिस्ट्रिब्युटर, उघडून पाह्य. आत टायमिंग पुढं करनारे दोन वजनं असतात. तीस वर्षांत ग्रीस वायून दगड झालेले. गाडी स्टार्ट होते, चालते, पन रेस दिली की टायमिंग पुढं जातच नाही. व्हॅक्युमचा पडदा फाटला असन तर आनखी येगयं.

मालकीण : टायमिंग लाइट लावून रेस दिली की पुलीवरची खूण सरकली पाहिजे.

मिस्त्री : हां. दुसरं, तू आत बसून ॲक्सिलेटर पार दाब, मी बॉनेटखाली पाहातो. कार्ब्युरेटरचं फुलपाट पूर्न उघडते का? दहातल्या चार गाड्यांत केबल ढिली असते. बाई बिचारी पाय जमिनीले टेकवते अन् वरतं पाऊनच उघडते.

मालकीण : हे खरंच?

मिस्त्री : मंग काय. तिसरं, चाक. गाडी सपाट जागी न्यूटरलमध्ये हातानं ढकल. जड गेली तर मागचा व्हील सिलिंडर जाम हाय, शू ड्रमले घासून राह्यले. तू ब्रेक मारत मालेगावले जातं अन् म्हनतं पिकअप नाही.

यात मला चौथं घालावंसं वाटतं: घसरणारा क्लच. चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला आणि इंजिनाचा आवाज चढला पण वेग चढला नाही, तर तो क्लच. हेडर लावून तो बरा होत नाही. या चारही गोष्टींना पार्सल मागवावं लागत नाही. कॉन्टेसाच्या सुट्या भागांसाठी कुर्ला, दिल्लीचं मायापुरी, कोलकात्याचं मल्लिक बाजार इथवर फोनाफोनी करणाऱ्यांना यातलं मोल कळेल.

इथवर मिस्त्रीची सरशी. पुढच्या मुद्द्यात मात्र ती पुढं गेली, आणि तिचं बरोबर होतं.

मालकीण : आता माझं ऐका. कार्ब्युरेटरमधले जेट १९९३ च्या पेट्रोलसाठी आहेत. आज पंपावर काय मिळतं? वीस टक्के इथेनॉलवालं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. तेच जेट ठेवले तर मिश्रण पातळ होतं. गाडी तापते, पिकअप जातं, सकाळी खोकते. तुम्ही म्हणता घोडे हरवले; त्यातले दोन-चार तर पंपावरच हरवलेत.

मिस्त्री : चोक थोडा ओढून चालव.

मालकीण : काका!

मिस्त्री : बरं बरं. मंग?

मालकीण : मेन जेट एक-दोन नंबर मोठा. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलून इथेनॉल सोसणारे. पंपाचा पडदा, फ्लोटची सुई, गॅस्केट नवी. टाकी उतरवून धुवायची, कारण इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि तळाचा गंज सुटून जेटमध्ये येतो. मग प्लगचा रंग बघायचा. पांढराफटक आला तर अजून पातळ आहे.

हिशेब तिच्या बाजूचा आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलच्या एका भागाला नऊच. वीस टक्के मिसळीत हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो; कार्ब्युरेटरला नाक नसतं. लिटरमागची ऊर्जाही सुमारे सात टक्क्यांनी घटते, म्हणजे जेट सुधारूनही अॅव्हरेज थोडं पडणारच. त्या बदल्यात एक फायदा पदरात येतो: या पेट्रोलचा ऑक्टेन जुन्यापेक्षा वरचा आहे, ठोका कमी येतो. टायमिंग अंशभर पुढं नेता येतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

तिनं तोच धागा ओढला.

मालकीण : ऑक्टेन वाढलाय म्हणूनच म्हणते, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवू.

मिस्त्री : हेड घासलं की चेन ढिली पडते, कॅमचं टायमिंग मागं जाते. अन् घासलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. उद्या गॅस्केट उडालं तर पुन्हा घासाले काय शिल्लक राहीन?

मालकीण : मग कॅम?

मिस्त्री : त्या कॅमनं गाडी कवा ओढते? चार हजार आरपीएमच्या वरतं. तू मानोऱ्याच्या रस्त्यानं दोन हजारावर चालतं. तठी आहे ते बी जाईन. वरून एसी लावला की सिग्नलवर बंद पडन.

हा मुद्दा चटकन पटत नाही, कारण माहितीपत्रकात सगळ्यात मोठा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा कुठल्या फेऱ्यांवर आहे ते बारीक अक्षरात असतं. तीव्र कॅम आणि जाड पाइप वरच्या फेऱ्यांत देतात ते खालच्या फेऱ्यांतून काढून घेतात. गावोगाव बियाण्याच्या पिशव्या पोचवणाऱ्या गाडीचं आयुष्य खालच्या फेऱ्यांत जातं. म्हणून यादीतला कॅम गेला, जाड पाइप गेला. हेडर राहिला, पण चारातून दोन आणि दोनातून एक असा, मधल्या फेऱ्यांत ओढणारा, सायलेन्सर मूळचाच. आवाज वाढवणाऱ्या सायलेन्सरला पोलीस तसेही अडवतात.

मोठ्या कार्ब्युरेटरवर ती अडून बसली. तिला हवा होता वेबर ३२/३६, जगभर जुन्या चार सिलिंडरी गाड्यांना बसवतात तो. त्याचं आधी लहान तोंड उघडतं, पाय जास्त दाबला तरच मोठं.

मालकीण : रोजच्या चालीत लहान तोंड. ओव्हरटेकला दोन्ही. अॅव्हरेजही मरत नाही.

मिस्त्री : ओव्हरटेक कुठी? अकोला रस्ता आता चौपदरी झाला.

मालकीण : मंगरूळपीरहून मानोऱ्याकडं चला माझ्यासोबत. उसाची ट्रॉली पुढं, समोरून एसटी. ६० वरून ९० ला जायला आज मला किती वेळ लागतो ते बघा. तेवढा वेळ मी चुकीच्या बाजूला असते. ताकद म्हणजे नुसती हौस नाही काका, चुकीच्या बाजूचा वेळ कमी करणं आहे.

मिस्त्रीनं यावर उत्तर दिलं नाही, पान्याचं तेल पुसत बसला. माझ्या मते या सगळ्या बोलण्यातलं हे सर्वात वजनदार वाक्य. ताकदीच्या विरोधात बोलणारे सावध लोक हे विसरतात की दुपदरी रस्त्यावर मंद गाडीही धोक्याची असते.

मिस्त्री : बरं. जुना कार्ब्युरेटर भंगारात द्याचा नाही. पेटीत ठेवाचा. चार बोल्ट काढले की परत बसला पाह्यजे.

मालकीण : मंजूर. आणि उघडा फिल्टर?

मिस्त्री : तो नको. कायी माती हाय अठी. उन्हायात तिचं पीठ होते. तो शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढन अन् वरून धूय गियन. सिलिंडर घासून काढन दोन वर्षांत.

मालकीण : मग मूळचा डबाच, पण त्याला ग्रिलजवळून थंड हवेची नळी. आणि कागद वेळेवर बदलू.

मिस्त्री : हे बरं हाय.

मग थर्मोस्टॅटचा विषय निघाला, आणि दोघांचा आवाज चढला. बॉनेटखाली थर्मोस्टॅटच नव्हता. मिस्त्रीनंच तो कधीकाळी काढून टाकलेला. विदर्भात असं निम्म्या जुन्या गाड्यांत सापडतं: गाडी तापली, थर्मोस्टॅट काढा.

मालकीण : तुम्ही आजार सोडून औषधाची बाटली फोडलीत. रेडिएटर बुजलाय, पंख्याला आच्छादन नाही, त्यात थर्मोस्टॅटचा काय दोष?

मिस्त्री : त्रेचायीस-चव्वेचायीस डिग्रीत तो अडकून बसला तर हेड वाकडं होते. म्या डोयानं पाह्यलं. म्हनून काढतो.

मालकीण : अडकतो तो जुना, गंजलेला. नवा लावा. आता हिवाळ्यात मालेगाव येईपर्यंत माझं इंजिन गरमच होत नाही. थंड इंजिनात पेट्रोल भिंतीला चिकटून ऑइलमध्ये उतरतं. रिंगा आणि बोअर त्यानंच झिजतात. तुम्ही मला विचारता घोडे कुठं गेले!

मिस्त्रीला हे लागलं असणार. तो म्हणाला, रेडिएटरचा गाभा नवा करू, तांब्याचा, चार ओळींचा. पंख्याभोवती पत्र्याचं आच्छादन बनवू. पाण्याऐवजी कूलंट भरू. एवढं करून मे महिन्यात एसी लावून पातूरचा घाट चढू. काटा मध्यावर राहिला तर थर्मोस्टॅट लावायला आपली हरकत नाही. तिचं म्हणणं, थर्मोस्टॅट लावूनच घाट चढायचा, नाहीतर चाचणी कसली? मला तिचं पटतं. पण हेडचं काम पदरात येणारा माणूस सावध असतो, हेही कळतं.

दिवे आणि टायर यांवर फारसं भांडण झालं नाही. जुन्या वायरिंगमध्ये दिव्यापर्यंत पोचताना व्होल्टेज दहा टक्के जरी पडलं तरी उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो, म्हणून जास्त वॅटचे बल्ब न लावता रिले आणि जाड वायर. टायरला नक्षी भरपूर होती, पण कडेवरच्या चार आकडी खुणेवरून वय कळतं: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. हिचे अकरा वर्षांचे निघाले. समृद्धीच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात तासन्‌तास एका वेगानं चालताना टायर तापत राहतो. २०२३ मध्ये परिवहन विभागानं घासलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशालाच अडवायला सुरुवात केली, ती उगाच नाही. वेग ८० वरून १२० केला की गाडीतली ऊर्जा सव्वादोनपट होते, आणि ती जिरवायची वेळ आली की रबराचे चार पंजाएवढे तुकडेच रस्त्याला धरून असतात.

मालकीण : माझा मावसभाऊ म्हणतो एवढी उठाठेव कशाला, अडीच लिटरचं टर्बो डिझेल टाक. संपला विषय.

मिस्त्री : टाकून देईन मी. महिनाभरात. अन् मंग आरटीओत कोन जाईन?

कायदा इथे सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीनं मूळ ठरवल्याहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विम्याचा दावा अडकतो तो निराळा. ही गाडी पंधरा वर्षांची झाली २००८ ला. तिथून दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पुढचं २०२८ ला. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी त्याची फी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली. म्हणजे यादीतल्या प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारायचा: २०२८ मध्ये निरीक्षक बॉनेट उघडेल तेव्हा हे दाखवता येईल का? डिझेलचं नाव तिथंच कटलं.

मिस्त्री : मले एक सांग. रोजच्या कामाले एखादी जुनी मारुती घे. हिले रविवारी काढ. मंग करू काय कराचं ते.

मालकीण : उभी ठेवू? तुम्हीच सांगता, उभ्या गाडीची सीलं वाळतात, ब्रेक चिकटतात, टाकीत गंज धरतो.

मिस्त्री : सांगतो मी.

मालकीण : व्हिंटेज म्हणून नोंदवायची म्हटलं तरी २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पुरी हवीत, मूळ रूप हवं, आणि मग रोज चालवायची मुभा नाही. ही पन्नासची होईल २०४३ ला. तोवर ती गाडी आहे, गाडीसारखी चालेल.

मिस्त्री : मंग माह्यी एक अट. कोनतंबी काम असं घ्याचं की शनिवारी संध्याकायी उघडली अन् सोमवारी सकायी मालेगावले निघाली. जे काम दोन दिवसांत बसत नाही ते उन्हायात.

आखणी यातूनच ठरली. गॅरेजाच्या भिंतीवर दिनदर्शिका होती आणि तिच्यावर खरीप होता. जून-जुलैत बियाणं आणि खताच्या गर्दीत तिची गाडी एक दिवसही उभी राहू शकत नाही. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं तेव्हा वसुलीची धावपळ. मोकळा वेळ आत्ताचा हिवाळा आणि एप्रिलचा शेवट. हिवाळ्यात ब्रेक, डेल्को, केबल, पेट्रोलचे पाइप, जेट, दिवे: सगळी शनिवार-रविवारची कामं. टायर संक्रांतीच्या आसपास. रेडिएटर मार्चात, ऊन तापायच्या आधी. वेबर आणि हेडर एप्रिलच्या शेवटी, आणि तेही कॉम्प्रेशनचे चार आकडे बरे आले तरच. नाही आले तर तो पैसा रिंगांकडे आणि व्हॉल्व्हकडे वळवायचा, वेबर पुढच्या वर्षावर.

ही शेवटची ओळ तिनं लिहून घेतली नाही. मिस्त्रीनं ते पाहिलं.

मिस्त्री : लिही.

मालकीण : आकडे बरेच येतील.

मिस्त्री : येतीन तर येतीन. लिही तू.

मालकीण : लिहिते. रविवारी आणू गाडी?

मिस्त्री : आन. पन ट्रकवर टाकून नको आनू, अन् दारातून ढकलत बी नको. चांगली वीस किलोमीटर चालवून आन. कॉम्प्रेशन गरम इंजिनावर घेतात. अन् येताना बॅटरी चार्ज असू दे, स्टार्टर मंद फिरला तर चारही आकडे खोटे येतीन.